डॉक्टरांचे सीमोल्लंघन

ब्रिटन सरकारने जुलै २०२५ मध्ये आपल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेची दहा वर्षांची योजना जाहीर केली. तज्ज्ञ-प्रशिक्षणाच्या जागा देताना ब्रिटनमध्येच वैद्यकीय पदवी घेतलेल्यांना आणि तेथील सेवेत दीर्घकाळ काम केलेल्यांना अग्रक्रम दिला जाईल, असे त्या योजनेत नमूद आहे. २०२६ च्या आरंभी तशा तरतुदीचे विधेयकही तेथील संसदेत मांडले गेले. मधल्या काळात, सप्टेंबर २०२५ मध्ये, अमेरिकेच्या अध्यक्षांनी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क आकारण्याचा आदेश काढला. या दुसऱ्या बातमीची आपल्याकडे भरपूर चर्चा झाली, पण ती संगणक अभियंत्यांच्या अंगाने. डॉक्टरांना या शुल्कातून वगळावे, असा अर्ज तेथील वैद्यकीय संघटनांनी आपल्या सरकारकडे केला, तो कशासाठी, याकडे आपल्या वृत्तपत्रांचे फारसे लक्ष गेले नाही.

मात्र डोंबिवली, पुणे, नाशिक, नागपूर येथील कितीतरी घरांत या बातम्यांनी जेवणे थांबली असतील. आमच्या वाचकांपैकी अनेकांना हे घर सांगावे लागणार नाही. ते त्यांचे स्वतःचे किंवा शेजारचे असते. वडील बँकेतून वा शाळेतून निवृत्तीला आलेले, मुलगी एम.बी.बी.एस. झालेली, इंटर्नशिप संपलेली. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा एकदा दिली, हवी ती शाखा मिळाली नाही. मग मैत्रिणींकडून कळते की ब्रिटनची 'प्लॅब' दिली तर तिकडे जाता येते, किंवा अमेरिकेची 'यूएसएमएलई'. भविष्यनिर्वाह निधीतून पैसे निघतात, घरावर कर्ज निघते. आई विचारते, "परत कधी येणार?" मुलगी म्हणते, "शिकून झाले की." दोघीही त्या क्षणी खरेच बोलत असतात. पुढे काय होते, तोच या लेखाचा विषय आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्ञानासाठी देश सोडणे हे आपल्या परंपरेला अमान्य नाही. बौद्ध विनयग्रंथांतील जीवकाची कथा अनेकांना ठाऊक असेल. राजगृहाचा हा तरुण वैद्यक शिकण्यासाठी दूरच्या तक्षशिलेला गेला आणि सात वर्षे गुरुगृही राहिला. ज्या वनस्पतीचा औषधी उपयोग नाही अशी एक तरी शोधून आण, ही आचार्यांनी घेतलेली परीक्षा. तो सर्वत्र हिंडला आणि अशी वनस्पती सापडली नाही असे सांगत रिकाम्या हाताने परतला. तेव्हा आचार्यांनी त्याला घरी जाण्याची अनुज्ञा दिली. परतीच्या वाटेवर साकेतात त्याने पहिला रुग्ण बरा केला आणि पुढे मगधाचा राजवैद्य झाला. ही कथा परतण्याच्या प्रवासात रमते, हे विसरता कामा नये. मधल्या काळात समुद्र ओलांडणे आपणच निषिद्ध ठरवले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायांतील ज्या सात स्वदेशी बेड्या मोजल्या, त्यांत सिंधुबंदी ही एक होती. त्या बेडीने आपल्या व्यापाराचे, आरमाराचे आणि ज्ञानाचे जे नुकसान केले ते भरून यायला पिढ्या लागल्या. म्हणून आज एखादी मराठी मुलगी मँचेस्टरला शल्यक्रिया शिकायला जाते, तेव्हा नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला नाही.

किंबहुना ही बेडी तोडण्याचे धैर्य ज्यांनी प्रथम दाखवले, त्यांत एक मराठी मुलगीच होती. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला निघाल्या तेव्हा श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी जाहीरपणे सांगितले होते की, आपण हिंदू म्हणून जाणार आहोत आणि हिंदू म्हणूनच परत येणार आहोत. ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी घेतली. प्रबंधाचा विषयही त्यांनी घरचाच निवडला होता : आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. त्याच वर्षी त्या परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाची नेमणूक त्यांच्या हाती होती. पण क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची २२ वर्षे पूर्ण होण्याआधीच, त्यांना नेले. त्यांच्या मागोमाग लंडनला गेलेल्या डॉ. रखमाबाई १८९४ मध्ये परत आल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी सुमारे ३५ वर्षे स्त्रियांची सेवा केली. गोव्यातील शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर १९३१ मध्ये इंग्लंडची एफ.आर.सी.एस. घेऊन मुंबईत आले. गर्भाशयमुखाच्या शैथिल्यामुळे पुनःपुन्हा होणारे गर्भपात टाळणारा जो टाका त्यांनी १९५५ मध्ये जगापुढे मांडला, तो आजही जगभरच्या प्रसूतिगृहांत त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ज्यांच्याकडून विद्या घेतली त्यांनाच ती वाढवून परत केली, असे हे उदाहरण आहे, आणि ते मुंबईत बसून घडले.

मुंबईच्या के.ई.एम.चा इतिहासही या संदर्भात पुनःपुन्हा सांगण्यासारखा आहे. शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी देताना अट घातली की येथील अध्यापक भारतीयच असतील. त्या काळी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत महत्त्वाच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी राखलेल्या असत. या स्वाभिमानी अटीवर उभ्या राहिलेल्या संस्थेची धुरा १९२५ पासून ज्यांनी वाहिली ते डॉ. जीवराज मेहता लंडनमध्ये शिकून आलेले होते. ते काँग्रेसचे होते, पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. पक्षभेदाने त्यांचे हे कार्य लहान होत नाही. स्वदेशी म्हणजे बाहेरचे काही शिकायचेच नाही, असा अर्थ तेव्हाच्या राष्ट्रीय वृत्तीच्या माणसांनी कधी केला नाही. शिकून आलेल्याने येथे काहीतरी उभारायचे, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

स्वातंत्र्यानंतर मात्र चित्र उलटे झाले. परतीची वाट मोकळी होती, येथे आपले राज्य होते, आणि नेमके तेव्हा माणसे परतेनाशी झाली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत राष्ट्राच्या खर्चाने शिकून १९८९ ते २००० या काळात बाहेर पडलेल्या पदवीधरांपैकी सुमारे ५४ टक्के परदेशांत स्थायिक झाल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. २००५ च्या सुमारास अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया या चार देशांत मिळून भारतात शिकलेले सुमारे ६० हजार डॉक्टर काम करीत होते. इकडे ग्रामीण भागातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत शल्यविशारद, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि फिजिशियन मिळून जेवढे तज्ज्ञ हवेत त्यांतले सुमारे ८० टक्के नाहीत, असे केंद्र सरकारचाच २०२१-२२ चा अहवाल सांगतो. हे आकडे शेजारी ठेवून पाहिले की ज्याचे जळते त्यालाच कळते, हे पटते. मेळघाटात अडलेल्या बाळंतिणीला परतवाडा, तेथून अमरावती, असे हलवावे लागते, तेव्हा तिच्यासाठी हा 'जागतिकीकरणा'चा विषय नसतो.

ब्रिटनने आपल्या डॉक्टरांना कसे वागवले, याचा इतिहास भावनेचा पडदा दूर सारून वाचला पाहिजे. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत तिला मनुष्यबळ अपुरे पडू लागले. साठच्या दशकाच्या आरंभी, एनॉक पॉवेल आरोग्यमंत्री असताना, आपल्या उपखंडातून आलेल्या डॉक्टरांनी तेथील रुग्णालये चालवली. हेच पॉवेल महाशय १९६८ मध्ये बर्मिंगहॅमच्या भाषणात स्थलांतरितांविरुद्ध आग ओकत होते. आपल्या डॉक्टरांच्या वाट्याला वृद्धांचे विभाग आले, मनोरुग्णालये आली, वेल्सच्या कोळसाखाणींतील दवाखाने आले. म्हणजे जे गोऱ्या डॉक्टरांना नको होते ते. १९७५ मध्ये तेथील वैद्यक परिषदेने भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली आणि बाहेरून येणाऱ्यांसाठी परीक्षा लावली. आजची 'प्लॅब' तिचीच वारस. पुढे एप्रिल २००६ मध्ये परवान्याविना प्रशिक्षण घेण्याची सवलत जवळजवळ एका रात्रीत रद्द झाली. परीक्षा देऊन, कर्ज काढून तेथे पोहोचलेली हजारो मुले अधांतरी लोंबकळली. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची ब्रिटनमधील संघटना न्यायालयात गेली. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोहोचले आणि एप्रिल २००८ मध्ये निकाल लागला की, या डॉक्टरांना मागे ठेवण्याची जी सूचना आरोग्य खात्याने रुग्णालयांना दिली होती ती बेकायदा होती. संघटनेने चिकाटीने दिलेला हा लढा कौतुकास्पदच आहे. पण निकाल येईपर्यंतच्या दोन वर्षांत किती जण परत फिरले, किती जणांची उमेद खचली, त्याची नोंद कोणत्याही निकालपत्रात होत नाही.

२०१९ मध्ये डॉक्टरांचा तुटवडा पाहून ब्रिटनने दार पुन्हा सताड उघडले. अर्ज वाढले, इतके की २०२५ मध्ये सुमारे १० हजार प्रशिक्षण-जागांसाठी ३० हजारांवर उमेदवार उभे राहिले. आता दार पुन्हा लोटले जात आहे. दार उघडणे, लोटणे, पुन्हा उघडणे हा खेळ पाऊणशे वर्षे चालू आहे आणि त्यात ब्रिटनचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या करदात्याच्या पैशातून शिकलेल्या आपल्या मुलांना आधी जागा द्याव्या, हा विचार कोणत्याही स्वाभिमानी राष्ट्राला शोभणाराच आहे. येथे 'भूमिपुत्र' हा शब्द उच्चारला की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, ते विद्वान लंडनच्या या निर्णयावर काय लिहितात याची आम्हांला उत्सुकता आहे. आपल्याला त्यातून धडा घ्यायचा तो एवढाच की परक्याच्या गरजेवर आपल्या लेकरांच्या आयुष्याचे गणित मांडू नये.

अमेरिकेची गोष्ट याहून विलक्षण आहे. तेथे निवासी डॉक्टर म्हणून प्रशिक्षण घेण्यास बहुतेक परदेशी डॉक्टर जे-१ या व्हिसावर जातात. त्यासाठी मायदेशाच्या आरोग्य मंत्रालयाचे एक पत्र लागते. त्या पत्रात आपले सरकार लिहून देते की अमुक शाखेतील तज्ज्ञांची आमच्या देशाला गरज आहे, आणि प्रशिक्षण संपताच आपण परत येऊ असे लेखी आश्वासन या डॉक्टरने आम्हांला दिले आहे. अमेरिकेचा कायदाही सांगतो की प्रशिक्षणानंतर त्याने किमान दोन वर्षे मायदेशी राहिले पाहिजे. कागदावर सर्व काही चोख आहे. पण त्याच कायद्यात १९९४ पासून एक पळवाट आहे. अमेरिकेतील प्रत्येक राज्याला दरवर्षी ३० डॉक्टरांचे हे बंधन माफ करवून घेता येते. अट एकच, त्या डॉक्टरने डॉक्टर नसलेल्या मागास भागात तीन वर्षे सेवा केली पाहिजे. २०११ साली तत्कालीन केंद्र सरकारने, परतण्याचे बंधन नसल्याचे प्रमाणपत्र डॉक्टरांना न देण्याचे ठरवले. पण अमेरिकेच्याच कायद्यातील ही वाट दिल्लीतून बंद होण्यासारखी नव्हती.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरकडून एक वर्षाच्या सेवेचे बंधपत्र घेतले जाते. ते एक वर्ष गडचिरोलीत किंवा नंदुरबारात काढणे जिवावर येते म्हणून पालक दंड भरायला तयार होतात, मंत्रालयात ओळखी शोधतात, न्यायालयात जातात. तोच मुलगा पुढे कॅन्ससच्या किंवा डकोटाच्या एखाद्या खेड्यात, उणे वीस अंशांच्या थंडीत, तीन वर्षे निमूटपणे राहतो. म्हणजे खेड्यात राहणे त्याला अशक्य नव्हते. तेथे त्याला राहायला घर मिळते, हाताशी यंत्रे आणि परिचारिका असतात, रुग्ण दगावला तर नातेवाईक त्याच्यावर धावून येत नाहीत, आणि तीन वर्षांनी काय मिळणार हे करारात लिहिलेले असते. आपल्या बंधपत्रात यांतले काय आहे? राहायला गळके क्वार्टर, औषधांचा खडखडाट, आणि नेमणुकीचा आदेश यायलाच काही महिने. सक्तीने नेमणूक करता येते. डॉक्टर टिकवायला व्यवस्था लागते. अमेरिकेने आपल्याच मुलांकडून ग्रामसेवा करवून घेतली आणि आपण आपल्या मुलांना दंड भरून सोडले, हे कटू असले तरी सत्य आहे.

मुले जातात का, याचे उत्तर केवळ 'डॉलरचा मोह' असे देऊन आपली सुटका होणार नाही. मोह आहेच. पण १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित महाविद्यालयांचे जे पीक आले, त्यात वैद्यकीय शिक्षण हा राजकीय पुढाऱ्यांचा घरगुती उद्योग झाला. एखाद्या अभिमत विद्यापीठात क्ष-किरणशास्त्रासारखी शाखा घ्यायची तर संपूर्ण अभ्यासक्रमाचा खर्च कोटीच्या घरात जातो. मध्यमवर्गीय पित्याने ते पैसे कोठून आणायचे? त्या मानाने परदेशी परीक्षांचा खर्च, जबर असला तरी, आवाक्यातला वाटतो. २०१४ पासून केंद्र सरकारने जागा वाढवण्याचा जो प्रयत्न केला तो डोळ्यांत भरण्याजोगा आहे, हे विरोधकांनीही मान्य करावे. तेव्हा एम.बी.बी.एस.च्या ५१,३४८ जागा होत्या, दहा वर्षांत त्या १ लाख १८ हजारांच्या घरात गेल्या. पदव्युत्तर जागा ३१,१८५ वरून ७३ हजारांवर गेल्या. भ्रष्टाचाराने पोखरलेली जुनी वैद्यक परिषद जाऊन २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला आणि २०२३ मध्ये त्या आयोगाला वैद्यकीय शिक्षणाच्या जागतिक महासंघाची दहा वर्षांसाठी मान्यता मिळाली. ही जमेची बाजू.

पण मित्रपक्षाचे सरकार आहे म्हणून दुसरी बाजू झाकणे हे या साप्ताहिकाचे काम नव्हे. २ लाखांहून अधिक डॉक्टर ज्या परीक्षेला बसतात ती पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा जून २०२४ मध्ये आदल्या रात्री पुढे ढकलली गेली. दूरच्या केंद्रांवर पोहोचलेली मुले लॉजवर बसून ती बातमी वाचत होती. २०२३ मध्ये रिकाम्या जागा भरण्यासाठी पात्रतेची रेषा शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणावी लागली. इमारत उभी राहिली की महाविद्यालय उभे राहिले असे होत नाही, शिकवणारा हवा. अनेक नव्या महाविद्यालयांत अध्यापकांची वानवा आहे आणि तपासणीच्या दिवसापुरते अध्यापक आणून उभे करण्याची जुनी विद्या अजून विस्मृतीत गेलेली नाही. निवासी डॉक्टरांच्या सलग ३६ तासांच्या पाळ्या आहेत. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात अशाच पाळीत असलेल्या प्रशिक्षणार्थी डॉक्टर युवतीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. त्यानंतर एखाद्या आईने मुलीला "तिकडेच जा" म्हटले असेल, तर त्या आईला राष्ट्रभक्तीचे पाठ देण्याची आमची तरी हिंमत नाही.

बाहेर जाऊन ही मुले नेमके काय शिकतात, हेही समजून घ्यावे. हाताच्या कौशल्यात आपला निवासी डॉक्टर उणा नाही. ससूनमध्ये किंवा के.ई.एम.मध्ये एका रात्रीत तो जेवढे रुग्ण पाहतो तेवढे तिकडचा प्रशिक्षणार्थी आठवड्यात पाहत नसेल. तिकडे शिकायला मिळते ती पद्धत. प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद ठेवायची, वरिष्ठाने ती पाहून सही करायची, ठरावीक काळाने प्रगतीचा आढावा घ्यायचा. मृत्यू झाला तर कोणाला दोष द्यायचा यापेक्षा कोठे चुकले याची चर्चा करायची, आणि त्या चर्चेत कनिष्ठाने वरिष्ठाला प्रश्न विचारला तरी आभाळ कोसळत नाही. रुग्णाला त्याचा आजार त्याच्या भाषेत समजावून सांगणे, हा तेथे परीक्षेचा विषय असतो. आपल्याकडे 'साहेबां'च्या फेरीत रुग्ण खाटेवर असतो आणि त्याच्याविषयी त्याच्या डोक्यावरून इंग्रजीत बोलले जाते. ही शिस्त आपण आयात करायला हवी. तिच्यासाठी विमानाने यंत्रे आणावी लागत नाहीत. ती माणसांबरोबर येते, आणि म्हणूनच माणसे परत यायला हवीत.

ज्यांच्या घरी हा निर्णय सध्या टांगलेला आहे त्यांना काही व्यावहारिक गोष्टी सांगणे आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. 'प्लॅब' उत्तीर्ण होणे म्हणजे नोकरी नव्हे आणि नोकरी म्हणजे प्रशिक्षण नव्हे. परीक्षेचा पहिला भाग मुंबईत देता येतो. दुसरा मात्र मँचेस्टरलाच जाऊन द्यावा लागतो आणि त्याचे नुसते शुल्कच हजार पौंडांच्या आसपास आहे. त्याआधी इंग्रजीची परीक्षा. एवढे करून नोंदणी झाली तरी नोकरीसाठी शेकडो अर्ज करून एकही बोलावणे न आलेली मुले आज तेथे आहेत. काही जण बिनपगारी निरीक्षक म्हणून रुग्णालयांत उभे राहतात. अमेरिकेतील मार्चमधील जागावाटपात परदेशी नागरिक असलेल्या दहा परदेशी-पदवीधरांपैकी अलीकडच्या वर्षांत साधारण चार जण रिकाम्या हाताने राहतात. जर्मनीचा मार्ग वेगळा आहे : तेथे प्रशिक्षण म्हणजेच पगारी नोकरी, पण वैद्यकीय जर्मन भाषेची परीक्षा दिल्याशिवाय रुग्णाला हात लावता येत नाही, पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात काढलेली दोन वर्षे मग कारणी लागतात. 'शंभर टक्के जागा मिळवून देतो' म्हणणाऱ्या दलालांपासून दूर राहावे, हे सुज्ञ वाचकांस सांगणे न लगे. आणि जाण्यापूर्वी मुलाशी परतण्याविषयी स्पष्ट बोलावे. हा विषय अशुभ समजून टाळला जातो आणि मग पंधरा वर्षांनी आई रुग्णालयात असताना दूरध्वनीवर निघतो.

जे गेले आहेत त्यांच्याशी नाते तोडण्याचे कारण नाही. ब्रिटनमध्ये १९६६ पासून हिंदू स्वयंसेवक संघाच्या शाखा आहेत, लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. नव्याने उतरलेल्या डॉक्टरला पहिले पंधरा दिवस खोली आणि वरण-भात मिळाला, तर तो दलालाच्या जाळ्यात जात नाही. आपल्या कार्यकर्त्यांनी हे काम अधिक नेटाने करावे. येथे राहून उभे करणाऱ्यांचे उदाहरणही मुलांपुढे ठेवावे. डॉ. अशोकराव कुकडे पुण्यात शिकले आणि १९६६ मध्ये लातूरला विवेकानंद रुग्णालय उभे करण्यासाठी गेले. त्या काळच्या लातुरात जाणे हे एखाद्याला लंडनपेक्षा दूर वाटले असते. संभाजीनगरचे डॉ. हेडगेवार रुग्णालय १९८९ मध्ये काही तरुण डॉक्टरांनी मिळून सुरू केले. ज्यांचे नाव त्या रुग्णालयाला आहे ते स्वतः १९१० मध्ये नागपूर सोडून कलकत्त्याच्या नॅशनल मेडिकल कॉलेजात शिकायला गेले होते आणि नागपूरला परतले होते, हे स्वयंसेवकांना सांगायला नको.

आता सरकारने काय करावे? बंधपत्रे कडक करणे आणि दंड वाढवणे हा सोपा आणि निरुपयोगी उपाय आहे. ब्रिटनमध्ये एक योजना अशी आहे की विकसनशील देशांतील डॉक्टरांना दोन वर्षांपुरते प्रशिक्षण देऊन परत पाठवायचे. तिचा लाभ आज डॉक्टर एकेकटे, आपापल्या ओळखीने घेतात. तिच्या धर्तीवर राज्याने आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतील तरुण अध्यापकांसाठी करार करावा : जागा राखून ठेवायची, पगार चालू ठेवायचा, दोन वर्षे पाठवायचे आणि परतल्यावर त्या विषयाचा विभाग त्याच्या हाती द्यायचा. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांतील पदव्युत्तर पात्रतांना भारताने २००८ मध्येच मान्यता दिली आहे. तरीही परतलेल्या डॉक्टरची कागदपत्रे राज्य परिषद, आयोग आणि विद्यापीठ यांच्या खिडक्यांवरून फिरत राहतात आणि अध्यापकाच्या पदासाठी त्याचा परदेशातील अनुभव कसा मोजायचा यावर टिपणीवर टिपणी चढते. हे काम एका खिडकीवर, तीस दिवसांत व्हावे. पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०२४ रोजी पाच वर्षांत ७५ हजार नव्या वैद्यकीय जागांची घोषणा केली. त्या जागांवरील मुलांना शिकवणार कोण, या प्रश्नाचे निम्मे उत्तर परदेशांतील रुग्णालयांत आहे.

ती माणसे शोधायला समितीची गरज नाही. गरजेचे पत्र देताना आरोग्य मंत्रालय प्रत्येक डॉक्टरचे नाव, शाखा आणि आश्वासन नोंदवून घेते. म्हणजे कोण कोणत्या विषयात शिकत आहे याची यादी दिल्लीतच तयार आहे. तिचा उपयोग कोणाला परत बोलावण्यासाठी झाल्याचे मात्र दिसत नाही. प्रशिक्षण संपण्याच्या वर्षभर आधी या यादीतील प्रत्येकाला मंत्रालयाचे एक पत्र जावे. कोणत्या जिल्ह्यात त्याच्या विषयाची जागा रिकामी आहे, पगार किती, राहायला घर आहे का, विभागात यंत्रसामग्री कोणती आहे आणि रुजू व्हायची तारीख काय, हे त्या पत्रात लिहिलेले असावे. तीस वर्षांपूर्वी गेलेल्यांना असे पत्र मिळाले नव्हते. यंदा जाणाऱ्यांना ते मिळेल की नाही, हे नव्या वर्षाच्या अर्थसंकल्पात त्यासाठी तरतूद होते का, यावरून कळेल.